वरच्या डोसचे फिके खळगे

सोमवार, ३ मार्च

उंदरांच्या रक्तात डोळे घालून बसणाऱ्या माझ्या सोबत्यांनो! आपण काढलेला आकडा साहेबांना आवडला तर ते विज्ञान, आणि नाही आवडला तर "नमुना खराब"! किती वर्षं ऐकून घ्यायचं हे?

शुक्रवारच्या बैठकीत अशी सुरुवात करीन. जमली आहे. टाळी "नमुना खराब"वर पडेल.

साहेबांना आम्ही इस्त्री म्हणतो. प्रयोगशाळेत जन्म घालवूनही कोटावर एक डाग पडू न देणारा माणूस! आज केक आणला त्यांनी. का? तर सांधेदुखीच्या नव्या औषधाचा सगळ्यात मोठा डोस पोटात गेलेल्या उंदरांचं यकृत "अगदी छान" निघालं म्हणून.

यकृताला इजा झाली की त्यातलं एक एन्झाइम रक्तात सांडतं. ते किती सांडलं हे मोजायचं, ही माझी नोकरी. लहान डोस — ठीक. मधला डोस — चढलेलं, चांगलंच चढलेलं. मोठा डोस — पुन्हा ठीक!!

"यकृत सरावलं, मॅडम," इस्त्री म्हणाले.

सरावलं! मधल्या डोसला कुरकुरायचं आणि मोठा डोस आला की उठून सलाम ठोकायचा — असं यकृत उंदराचं नसतं. असा फक्त साहेबांचा स्वभाव असतो.

मी केकला हात लावला नाही. (लावला. पण उभ्या उभ्या खाल्ला, आणि तोंड वाकडं करून.)

मंगळवार, ४ मार्च

लिहून काढते, म्हणजे बोलताना अडखळणार नाही.

चाचणीच्या प्लेटमधल्या प्रत्येक खळग्याच्या तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली असते. ती एन्झाइमला पकडून ठेवते. दुसरी अँटिबॉडी वरून त्याच एन्झाइमला धरते, आणि रंग येतो तो तिच्यामुळे. मग खळगा धुवायचा. जितकं एन्झाइम, तितकं पिवळं. सोपं आहे.

पण एन्झाइमचा पूर आला तर? तळाच्या अँटिबॉडीचे हात भरलेले. रंगवालीचेही हात भरलेले, पण तिने धरलेलं एन्झाइम वेगळं, वर तरंगणारं. दोघींची गाठच पडत नाही! धुतलं की रंगवाली वाहून जाते आणि खळगा फिका राहतो. पूर आलेला, आणि दिसतो दुष्काळ! आमच्या धंद्यात याला हूक म्हणतात. पहिल्या वर्षाला शिकवतात. इस्त्री त्या दिवशी कोटाचं माप द्यायला गेले असतील.

उपाय दोन. एक, नमुना आधी घालायचा, धुवायचं आणि मगच रंगवाली घालायची. साहेबांनी दोन्ही एकदमच घालायला लावलं — दुपार वाचते म्हणे. दुसरा, नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा. तेच सांगायला गेले.

"मॅडम, तुम्ही भाषण छान करता," म्हणाले. "आता रिपोर्टही तसाच छान करा."

यकृत उघडून बघावं तर उंदीर अजून जिवंत आहेत. आणि कंपनीला धीर नाही. आमच्या या अर्ध्यावरच्या आकड्यांवर पुढच्या आठवड्यात माणसांना औषध देणार आहेत!

गुरुवार, ६ मार्च

सासूबाईंनी नाव घातलं. त्या माणसांत! मोठ्या डोसच्या गटात निवड झाली म्हणून खुशीत आहेत.

"लहान डोस मिळाला असता तर काय केलं असतं? चाटला असता?"

मी म्हटलं, घेऊ नका. यकृताला धोका आहे.

"अगं, तूच म्हणालीस ना, उंदीर ठणठणीत आहेत म्हणून!"

म्हणाले होते. जेवता जेवता, मधल्या डोसचा आकडा यायच्या आधी. सांगितलं त्यांना तसं.

"आता कुठे जरा बरं होईल म्हटलं, की हिचं सुरू! वर्ष झालं मला खाली बागेत उतरून. आणि काय गं, उंदरांना गुडघे तरी असतात का?"

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता मध्यस्थी केली. "आई, मनावर घेऊ नकोस. ती दूधवाल्याशीसुद्धा असंच बोलते."

दूधवाला पाणी घालतो म्हणून बोलते! या घरात ते कळणारी मी एकटीच!

शुक्रवार, ७ मार्च

बैठक पुढे ढकलली. "साहेब बाहेरगावी गेलेत." पळपुटा!

मंगळवार, ११ मार्च

केलं! विचारत बसले नाही.

मोठ्या डोसच्या उंदरांच्या रक्तातलं थोडं सीरम फ्रीजमध्ये उरलेलं होतं. उंदीर तो — रक्त देऊन देऊन देणार किती! पण पातळ करायला थेंबभर पुरतं. चाचणीच्या किटबरोबर येणारं, पातळ करायचं द्रावण इस्त्रींनी कपाटात घालून कुलूप लावलंय, "जादा चाचण्या नकोत" म्हणून. नसू दे. शेल्फवर आपलं नेहमीचं द्रावण आहे. त्यात शंभरपट पातळ केलं.

शेजारच्या टेबलावर गप्प्या असतो. नाव गप्प्या, पण तोंड मिटत नाही. म्हणाला, "साहेबांना विचारलंस?"

"उंदरांना विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"थांब, सांगतायत."

पिवळं! रांगच्या रांग पिवळीजर्द! शंभराने गुणलं तर आकडा असा आला की गप्प्या खुर्ची ओढून जवळ आला. मग हळूच म्हणाला, "बये, आता इस्त्रीची घडी मोडणार."

बुधवार, १२ मार्च

प्लेटचा फोटो साहेबांच्या पुढ्यात ठेवला. नीट पाहिलासुद्धा नाही.

"परवानगीशिवाय केलेली चाचणी ही."

"चोरून पाहिलं तरी आग ती आगच असते, साहेब!" (हे वाक्य सभेसाठी राखून ठेवायला हवं होतं.)

मग साहेबांनी पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. "मॅडम, एवढी खात्री कशी असते हो तुम्हाला? पुढच्या आठवड्यात शांतपणे परत करू. मी स्वतः बसतो तुमच्याबरोबर."

पुढच्या आठवड्यात! तोवर माणसांच्या पोटात गेलेलं असेल! इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचली मी. नीच माणसं त्यात थोडी सापडली. पानापानावर भेटली ती "पुढच्या आठवड्यात" म्हणणारी. सगळी नासधूस यांनीच केली, नखाला माती न लागू देता.

शुक्रवार, १४ मार्च

आज बोलले.

कंपनीची बाई आली होती. मोत्यांची कुडी आणि चेहऱ्यावर कंटाळा. इस्त्री दारापाशी उभे, बोलणी थोडक्यात आटपतील अशा आशेने. मी कागद बाजूला ठेवला आणि उठले. पूर सांगितला, दुष्काळ सांगितला. फोटो वर धरला. म्हटलं, "हा रंग जो बघणार नाही, त्याने पुढे माणसांच्या डोळ्यांत बघावा!" मागच्या रांगेतले उभे राहून टाळ्या वाजवत होते. पिंजरेवाले, धुणारे, हिशेबवाले — सगळे! कंपनीच्या बाईने हातातला फोन पालथा ठेवला.

इस्त्री एवढंच म्हणाले, "ती चाचणी एकदाच झाली आहे." हंशा!

संध्याकाळच्या आत निकाल. माणसांवरचे प्रयोग रद्द, सगळी नावं काढली. औषध कपाटात गेलं ते बहुधा कायमचं. साहेब सक्तीच्या रजेवर. निघताना कोट अंगात घातला नव्हता, हातावर टाकला होता. एकाशीही बोलले नाहीत. बोलायला मत लागतं!

रविवार, १६ मार्च

सासूबाई परवापासून बोलत नाहीत. आज चहा नेऊन दिला तेव्हा तोंड उघडलं.

"टाळ्या पडल्या म्हणे."

"तुमचं यकृत वाचलं."

"यकृताने जिना उतरता येत नाही, सूनबाई."

हे म्हणाले, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. मी जाऊ दिलंच होतं! पण त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि खाली बागेकडे बघत राहिल्या. जगाचं भलं करावं तर घरातलं माणूस पाठ फिरवतं. नेहमीचंच.

सोमवार, १७ मार्च

कंपनीने रिपोर्टसाठी चांगला फोटो मागितलाय. उद्या ठसठशीत काढते. औषधाचा कणही न दिलेल्या उंदरांचं रक्त तसंच शंभरपट पातळ करून शेजारच्या रांगेत घालीन. पिवळ्याशेजारी पांढरंशुभ्र! आंधळ्यालाही कळेल. एक प्रत इस्त्रींच्या घरी पाठवायची. चौकटीत बसवून!

मंगळवार, १८ मार्च

शेजारची रांग पिवळी आली. तितकीच पिवळी.

मग शेल्फवरचं नुसतं द्रावण घातलं, आत रक्ताचा थेंब नाही. पिवळं.

रंग माझ्या द्रावणाचा होता. त्यालाच मी शंभराने गुणलं. औषधाने यकृत बिघडतं की नाही, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

प्लेट अजून टेबलावर आहे. गप्प्या रजेवर. कुणी पाहिलेली नाही.

बाई, ती कचऱ्यात टाकू नकोस. तशीच उचल, साहेबांच्या घरी जा, आणि दार उघडलं की त्यांच्या हातात दे.