पांढरं कार्ड

सोम., ३ नोव्हें.
सुजाचा फोन. तिसरा महिना लागला म्हणे. तिची आई तारा एकदम रडायलाही लागली, हसायलाही; लेकीची बातमी सांगत शेजारी गेली. मी दुकानात, विहिरीवरची मोटार खोलून बसलेलो.
फोनवर सुजा, "बाबा, ऐकलं का?"
"हाव, ऐकलं. छान झालं."
हातातला पाना खाली ठेवला नाही. बेरिंग बदललं. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, आज गप्प काऊन?" म्हटलं, "मोटार बोलून राह्यली ना. दोघांनी कशाले बोलाचं?" हसला. मीही.
जावई संदेशराव, त्यांचं कार्ड पिवळं. सुजाचं पांढरं.
पांढरं मी केलेलं.

बुध., ५ नोव्हें.
लिहून टाकतो एकदाचं.
चार वर्षांमागे विहारात सिकलसेलचं शिबिर झालं. आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, त्याऐवजी कार्ड पाहू, असं तरुण पोरांनी ठरवलं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे दोष रक्तात आहे, पण माणसाला त्रास नाही. लाल म्हणजे आजार. पिवळ्याला पिवळं मिळालं तर लेकरू लाल निघू शकतं, चारात एक.
शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं. म्हणून कार्डं लिहायला मला बसवलं. तपासणीच्या निकालांची यादी पुढ्यात. ताराचं पांढरं. मी रक्त दिलंच नव्हतं, गर्दीचं निमित्त. मग सुजाता: पिवळं. मी पांढऱ्या गठ्ठ्यातलं कार्ड ओढलं, तिचं नाव घातलं, पुढचं नाव घेतलं. कोणी पाहिलं नाही.
नंतर अमडापूरचं स्थळ आलं. संदेशराव शिक्षक, माणूस सरळ. पहिल्याच बैठकीत आपलं पिवळं कार्ड चहाच्या ट्रेशेजारी ठेवलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हटलं, "एक पांढरं आहे ना, मंग कायचा घोर!" सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी.

शनि., ८ नोव्हें.
चिखलीला, सुजा-संदेशरावांसोबत डॉक्टरीणबाईंकडे. दोन्ही कार्डं पाहिली. "एक पांढरं आहे. गर्भाच्या तपासणीची गरज नाही."
संदेशराव म्हणाले, "मामाजी, तुमच्या घरचं कार्ड कामी आलं बरं."
बाहेर बाकावर बसलो. पडद्याआड बाई दुसऱ्या जोडप्याला सांगत होत्या, "दोघंही पिवळे. गर्भाची तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत करून घ्या. उशीर करू नका." बाकावर सगळ्यांच्या गप्पा चाललेल्या. ऐकू फक्त मला आलं.
सुजाला नववा आठवडा संपत आला. बसस्टँडवर उसाचा रस पाजला तिला. बर्फ नको म्हणाली.

रवि., ९ नोव्हें.
सांगितलं नाही.

सोम., १० नोव्हें.
नाही सांगितलं. दोन मोटारींचं वायंडिंग भरलं.
धाकटी बहीण शांता आठवते का, पाहिलं. गुडघे पोटाशी धरून पडलेली. तेव्हा लाल कार्ड नव्हतं, वारं भरलं म्हणायचे. नऊ वर्षांची गेली. आठवते. काही वाटत मात्र नाही.

मंगळ., ११ नोव्हें.
अमडापूर. सुजा मेथी निवडत होती. सांगितलं.
"बाबा, मस्करी करून राह्यले का?"
"नाही."
"म्हणजे डॉक्टरची चुकी झाली?"
"नाही. मी केलं."
ती मेथी निवडतच राहिली. नंतर पाहिलं तर देठ टोपलीत, पानं कचऱ्यात.
संदेशराव आवाज न चढवता म्हणाले, "आम्ही आमचं लपवलं नव्हतं, मामाजी."
त्यांच्या आई आतून, "बस निघून जाईन तुमची."
अजून तासभर होता बसला. उठलो.

शुक्र., १४ नोव्हें.
सुजाचं रक्त पुन्हा तपासलं. पिवळंच.
ताराला संदेशरावांच्या आईने सांगितलं. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. आज वरणात मीठ नव्हतं. मागितलं नाही.

मंगळ., १८ नोव्हें.
दोघं नागपूरला गेले तपासणीला. मी येतो म्हटलं तर सुजा म्हणाली, "तुम्ही नका."
दिवसभर दुकान उघडं. दुपारी संदेशरावांचा मेसेज: "झालं." रिपोर्टला आठ-दहा दिवस.
एक जण मोटार घेऊन आला, वायंडिंग भरणाऱ्याने वायरी उलट्या जोडलेल्या. "कोन्या गाढवानं भरली हो हे?" मी हसलो. सवयीने येतं हसू.

गुरु., २७ नोव्हें.
सुजाचा फोन. ताराला नाही, मला.
"रिपोर्ट आला."
"काय आला?"
"आधी तुम्ही सांगा. काऊन केलं? फोनवर नाही. इथं या, समोर बसा, सांगा. मंग मी सांगीन."
आवाज सपाट. रडलेली की नाही, कळलं नाही. तिनं फोन ठेवला.
उद्या सकाळची बस. काय सांगायचं ते लिहून पाहतो.
लग्न जमावं म्हणून. खोटं. तेव्हा एकोणीसची होती, स्थळाचं नावही नव्हतं.
तिच्या जीवाला लागू नये म्हणून. अर्धं खोटं.
ताराचं पांढरं होतं. म्हणजे सुजाचं पिवळं माझ्याकडून आलेलं. कार्डं विहारात सगळ्यांसमोर नाव पुकारून देणार होते. पिवळं निघालं असतं तर लोकांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं असतं.
हे तिला सांगितलं तर ती…