तोरूपुढची बादली

प्रिय मेलिसदादा,

बाबांच्या तोरूला कुशिंगचा आजार होता. यात घोड्याला साखर बाधते आणि खूर आतून सुजतात. म्हणून मी गवत तासभर भिजवून, ते गोड पाणी फेकून मग त्याला घालत असे. उन्हाळ्यातही न झडणारे केस कातरत असे. दोन वर्षे तो सुखाने चालला.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला काकू सर्वांसमोर म्हणाल्या, “अगं डॉक्टरीणबाई, बाप गेला नि त्याच्या घोड्याला धुतलेलं गवत? मूठभर जव जड झाले का तुला?”

पाहुणे हसले. जवाने त्याचे खूर सुजतील हे ठाऊक असूनही लाजेपोटी मी बादलीभर जव त्याच्यापुढे ठेवले.

चौथ्या दिवशी तो उठेना. गावची पशुवैद्य मीच, शेवटचे इंजेक्शनही मीच दिले.

तुला फोनवर ‘म्हातारपण’ सांगितले. तू म्हणालास, “तू होतीस म्हणून इतका जगला.”

तुझी,
बुरुल