मधल्या वेगाला माझा विरोध

सौंसर, बुधवार, संध्याकाळ

‘धरणापलीकडच्या भावाबहिणींनो, डिझेल परवडत नाही म्हणून तुमची एकुलती बोट बंद करायला निघाले आहेत!’ उद्याच्या सभेत सुरुवात हीच करीन.

पण पुढे काय? सध्या बोट पूर्ण वेगात धावते; सकाळपर्यंत मी मधला वेग सुचवणार होतो. घाईवाले व्यापारी खूश, खर्चाला भिणारेही खूश. बरं झालं, आज बोटीत बसून पाहिलं. मधल्या वेगात तिचं नाक वर उठतं, मागचा भाग पाण्यात रुततो आणि दोन्ही इंजिनं नुसतं पाणी ढकलत राहतात.

धाकटी बहीण रेखा याच बोटीनं दवाखान्यात ड्यूटीवर येते. मी चालकाला वेगाचं महत्त्व सांगत होतो, तर म्हणाली, “दादा, भाषण मंग ठोकजो. आधी डिझेलचा काटा पाह्य, किती पिऊन राहिली हे!”

चालकानं वेग अगदी कमी केला. नाक खाली आलं, बोट सपाट झाली. तेवढ्याच फेरीला पूर्ण वेगापेक्षाही किती कमी डिझेल! मधला वेग तर सगळ्यांत खादाड निघाला. जन्मभर तडजोडीला शिव्या दिल्या, आणि मीच तडजोड घेऊन निघालो होतो? ते वर उठलेलं नाक डोळ्यांपुढून जात नाही.

“उशीर चालेल तुला?” मी विचारलं.

“लवकर निघीन न. बोटच नसली तं नोकरी सोडा लागन.”

बोट वाचेल, असं आज पहिल्यांदा वाटतंय. भाषणाचा शेवटही सापडला: ‘बोट रोज हवी असेल, तर ती संथ चालवायच्या ठरावाला आत्ता हात वर करा!’