रूथची पाळी

अहो,

काल तुम्ही भरवलेल्या, नव्या जिल्ह्याच्या पहिल्या बालमेळाव्यात तुम्हाला काय कमी मिळालं? पाळकसाहेबांनी पाठ थोपटली, चर्चभर साठ लेकरं ‘काका, काका’ करत मागं फिरली. आपल्या रूथनं महिनाभर स्तोत्र पाठ केलं होतं. ऐन तिच्या पाळीला लेकरांचं प्यायचं पाणी संपलं आणि तुम्ही म्हणालात, "घरचंच लेकरू हाय, ते जाईल की टँकरला." ती घागर भरून येईपर्यंत बक्षिसं वाटून झाली होती.

तिला घेऊन मी उदगीरला आईकडे चालले. भाकरी टोपल्यात आहे. घागर रिकामी आहे. उद्या टँकरच्या रांगेत तुम्हीच उभे राहा, घरचेच आहात.

लेकरांची तहान भागली, नाव तुमचं झालं, आणि रूथनं कालपासून ते स्तोत्र एकदाही म्हटलेलं नाही.

सुशीला