पाण्याखाली लाल रंग

१२ एप्रिल, शनिवार
ठरलं. आमच्या जस्मिनचा बाप्तिस्मा २७ तारखेला. कासुर्डीला, मेव्हण्याच्या म्हणजे एलियाच्या शेततळ्यात. आमच्या मंडळीत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. आजवर सगळ्यांचे व्हिडिओ काठावरून, मोबाइलवर काढलेले. नुसती ओली डोकी. मी पाण्याखालून शूट करणार! अॅक्शन कॅमेरा आजच आला. रंगाची मला काळजी नाही. कुरकुंभला रंगाच्या कंपनीत अकरा वर्षं शेड तपासतोय. माझ्या डोळ्याला मशीनसुद्धा घाबरतं.

जस्मिनला पाण्याची भीती आहे. लहानपणी कालव्यात पडली होती. म्हणाली, पप्पा, तुम्ही समोर उभे राहा, मंग मला भ्या न्हाई वाटायचं. म्हटलं, उभा कशाला, त्याहून जवळ असेन.

१४ एप्रिल, सोमवार
कंपनीतला माझा जोडीदार सम्राट आज जयंतीच्या मिरवणुकीला दौंडला गेला. त्याची शिफ्ट माझ्या गळ्यात. तळ्यातली कॅमेऱ्याची टेस्ट रद्द. कामावर कॅमेऱ्याचं मॅन्युअल वाचायला घेतलं, झोप लागली. हल्ली मॅन्युअल लिहिणाऱ्यांनाच काही येत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
पहिली टेस्ट. विटेला बायकोची, मरियमची लाल ओढणी गुंडाळून तळ्यात सोडली. हातभर खाली गेल्यावर लाल रंग शेणासारखा. पांढरा रुमाल पालक उकळलेल्या पाण्यासारखा. एलिया काठावर शेंगा खात बसला होता. म्हणाला, दाजी, पाणीच हिरवं हाय, क्यामेरा तरी काय करंल? त्याला विज्ञान समजत नाही. पाणी लाल रंग खातं, हे मी कालच वाचलंय. उपाय सोपा. लाल फिल्टर मागवला.

मरियम ओढणीबद्दल एक शब्द बोलली नाही. सकाळपासून कशाबद्दलच बोलली नाही. समजूतदार आहे.

२१ एप्रिल, सोमवार
लाल फिल्टर लावून पाहिला. आता सगळं चहात बुडाल्यासारखं. सम्राटने शोधून सांगितलं की लाल फिल्टर समुद्राच्या निळ्या पाण्याला, हिरव्या पाण्याला गुलाबी लागतो. हे मला माहीत होतंच, खात्री करत होतो. गुलाबी यायला दहा दिवस लागणार. वैताग! मग पाणीच बदलू. पाच किलो तुरटी आणली.

२३ एप्रिल, बुधवार
तुरटी फिरवली. गाळ खाली बसला. आता हिरवं जास्त स्वच्छ दिसतं. एलियाही आजपासून माझ्याशी तुटक बोलतोय. या घराण्याचा स्वभावच तसा.

२४ एप्रिल, गुरुवार
चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो. मागण्या दोनच. सकाळी सातऐवजी दुपारी बारा, कारण ऊन डोक्यावर असेल तरच रंग खालपर्यंत उतरतात. आणि बुडवायचं दोन वेळा, पहिली ट्रायल. साहेब म्हणाले, ख्रिस्तोफर, बाप्तिस्मा एकदाच असतो. शेवटी अकरा वाजता घ्यायला तयार झाले, तेही माझं तोंड बंद व्हावं म्हणून. मरियम म्हणाली, मंडळीतल्या ऐंशी वर्षांच्या रतनबाईंनी उन्हात कसं उभं राहायचं? म्हटलं, छत्री आहे की.

२६ एप्रिल, शनिवार
फिल्टर नकोच. पाण्यात पांढरी ताटली कॅमेऱ्यासमोर धरायची, पांढरा रंग सेट करायचा आणि जस्मिनपासून हातभर अंतरावर बसायचं. जेवढं जवळ, तेवढा रंग. यात चूक होऊच शकत नाही.

जस्मिनने पुन्हा विचारलं, पप्पा, समोर असाल ना? किती वेळा तेच तेच! हो म्हटलं. तिच्या नादात सेटिंग विसरलो. पुन्हा पहिल्यापासून.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी ६
एकदम तयार.

दुपारी ३
पाणी छातीएवढं. ताटली हातातून निसटली. ती शोधताना पायांनी सगळा गाळ उठवला. तेवढ्यात पाळकसाहेबांचा हात वर गेलेला दिसला. तसाच पाण्याखाली बसलो. आणखी थोडं फुटेज मिळावं म्हणून दम संपेपर्यंत बसून राहिलो. वर आलो तेव्हा टाळ्या वाजून संपल्या होत्या. जस्मिन काठावर मरियमच्या टॉवेलमध्ये. माझ्याकडे बघितलं नाही. दमली असेल. रंग काय, घरी कॉम्प्युटरवर आणता येतो.

२८ एप्रिल, सोमवार
चौदा सेकंद मिळालेत. हिरव्यात एक फिकट हिरवं काहीतरी खाली येतं आणि वर जातं. लाल रंग शंभर टक्के केला, मग ते तपकिरी झालं. ती जस्मिन आहे की पाळकसाहेबांचा झगा, मला सांगता येत नाही. मी तिचा बाप आहे.

एलियाच्या मुलीने, अंकिताने काठावरून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. रंग झकास आलाय. जस्मिन पाण्यातून वर येते, डोळे पुसते आणि समोर बघते. मग डावीकडे, उजवीकडे. परत समोर. तिथं नुसते बुडबुडे. मग ती पाळकसाहेबांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरते. एवढाच भाग मी सहा वेळा बघितला. फार वाईट वाटलं.

जेवताना तिला म्हटलं, अगं मी तिथंच होतो, अगदी हातभर अंतरावर. म्हणाली, असाल पप्पा, पण मला न्हाई दिसला तुम्ही. आणि मला भाकरी वाढून आत निघून गेली.