अकरा अब्ज वर्षे मुदतबाह्य

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मुदतबाह्य नोंदी शाखा, तळमजला,
वेधशाळा कार्यालय.

विषय : चारशे बारा सक्रिय दीर्घिकांचे वर्णपट येत्या शुक्रवारी नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३. (तीवरील चहाचा डाग आपल्याच कार्यालयाचा आहे.)

महोदय,

१. 'नोंदीचे वय' या रकान्यात 'दोन ते अकरा अब्ज वर्षे' असे आढळल्याने, दहा वर्षांच्या नियमानुसार सदर नोंदी पुसण्याचे आपण फर्मावले आहे. आपली वजाबाकी बिनचूक आहे. अभिनंदन.

२. ते वय प्रकाशाचे आहे; आमच्या डिस्क सहा वर्षांच्या आहेत. दीर्घिकेच्या मध्यावरचे कृष्णविवर वायू गिळते तेव्हा तो वायू तापून उजळतो. त्या उजेडाच्या वर्णपटातील रेघांवरून तेथे ऑक्सिजन किती, लोह किती, हे मोजता येते. जवळच्या आणि लांबच्या दीर्घिका अशा मोजल्या की विश्वात ही मूलद्रव्ये कधी किती साठली ते समजते. हे मी आपणांस समक्ष सांगितले. आपण जांभई दिलीत आणि "मग नवीन फोटो काढा की," म्हणालात.

३. हे वर्णपट टिपणाऱ्या दुर्बिणीचा आरसा गेल्या वर्षीच उतरवला. शिवाय सदतीस दीर्घिकांचे मध्य दरम्यान मंदावले आहेत. त्यांना आपली नोटीस बजावून पाहावी. घाबरून पुन्हा पेटतीलही.

४. आपल्या लिपिकांनी दीर्घिकांचा हयातीचा दाखला मागितला आहे. तो मिळणार नाही. प्रकाश निघाल्यानंतर तिकडे काय झाले, कोणास ठाऊक! शिपाई पाठवून खात्री करावी. त्याच्या जाण्यायेण्याचा काळ मुदतीत धरू नये, ही विनंती.

५. यातील एकेक रेघ आमच्या ज्येष्ठ निरीक्षक ताईंनी डोळ्यांनी तपासली. सहा वर्षे. आता त्यांना त्या रेघा दिसत नाहीत. पुढील महिन्यात त्या निवृत्त होतील. निष्कर्ष अद्याप छापायचे आहेत, त्यांचे नाव पहिले घालून.

६. रकाना भरताना त्या म्हणाल्या होत्या, "सरळ सहा लिही. उगाच शहाणपणा नको." आपली फजिती पाहावी म्हणून मी अब्ज लिहिले. चूक माझी आहे, साहेब. नोटीस ताईंना दाखवलेली नाही. दाखवायचे धाडस होत नाही. सांगाल तिथे सही करतो, सांगाल तितक्यांदा माफी मागतो. शुक्रवारी तेवढे पुसू नका.

आपला, आणि या खेपेस खरोखरच नम्र,
(सही)
वर्णपट विभाग, खोली क्र. १४
दि. ५

सोबत : दुरुस्त नमुना (वय : सहा वर्षे), माफीपत्र, तीन प्रती.