मागच्या सीटवरची डहाळी

१ डिसेंबर, सोमवार

रामनगरहून सकाळच्या बसनं गणेशगुडीला आलो. जागा झकास. खोलीच्या खिडकीतून काळी नदी दिसते, पलीकडं बांबूचं रान. ही वही माझ्या मुलीनं, सुनयनानं दिली. म्हणाली, बाबा, जीव घाबरला की मला दहा फोन करू नका, यात लिहा. म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

काम सोपं, लॉजच्या शेडची राखण. शेडमध्ये ताडपत्रीखाली एक पांढरी जीप आहे. मालक शिवानंद यांनी सगळ्यात आधी माझं लायसन बघितलं. एकतीस वर्षं लाकडाची लॉरी चालवली, लायसन अजून चालू ठेवलंय. म्हणाले, गाडी चालवायची नाही, नुसती पुसायची. मग लायसन कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही. कामाच्या कागदावर सही केली. कागद कानडीत होता. कानडी मी घडाघडा बोलतो, वाचता मात्र एक अक्षर येत नाही.

स्वयंपाकवाल्या सुमंगलानं नदीचे मासे वाढले. जीपचा एक हेडलाइट नवाकोरा आहे, दुसरा पिवळा पडलाय. लॉरीवाल्याची नजर, दुसरं काय.

३ डिसेंबर, बुधवार

शेडची किल्ली माझ्या करदोट्याला. कुलूप चार वेळा ओढून बघतो. तरी आज ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर हिरवी डहाळी. ताजी, देठ ओला. जीपच्या काचा बंद, दारं बंद. उचलून फेकली.

सुमंगलाला सांगितलं तर तिचा विळीवरचा हात थांबला. "मामा, आमच्यात वाटेवर माणूस मेलं की त्या जागी येणारा-जाणारा डहाळी ठेवतोय. टाकलासा कशाला?"

मी म्हटलं, ही वाट न्हाई, जीप हाय. ती उठली. मासा तसाच ठेवून बाहेर गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल होती, आजही आहे. त्याच जागी, डाव्या बाजूला. आज तिच्याखाली सीट ओली लागली.

सुमंगलानं शेवटी सांगितलं. कुंभारवाड्याची गिरजा, तिची मावसबहीण. गेल्या महिन्यात सकाळी वळणावर बसची वाट बघत उभी होती, गाडीनं उडवली. गाडी सापडली नाही. गिरजा दोन मैलांवर रस्त्याच्या मोरीत सापडली. गावानं वळणावर डहाळ्या ठेवल्या, मोरीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही जागा मोकळ्या. पुन्हा ठेवल्या, पुन्हा मोकळ्या. मी चालत जाऊन बघून आलो. नुसती धूळ.

म्हणजे ती वळणावर मेली नाही. मोरीतही नाही. ती मेली ती —

मी रोज ती सीट पुसतोय.

८ डिसेंबर, सोमवार

हवालदार महेश आला. आधी थट्टा. "काय मामा, ह्या वयात पण स्टेअरिंगची हौस भागली न्हाई व्हय?" मग कागद काढला. खाली माझी सही. वाचून दाखवलं: मी एक नोव्हेंबरपासून या जीपचा ड्रायव्हर.

म्हणाला, धडक बसली तर तो अपघात, त्याचं कलम लहान. पण डॉक्टरनं लिहिलंय, बाई तासभर जिवंत होती. जिवंत माणूस गाडीत घालून दवाखान्यात नेलं नाही, मोरीत टाकलं, तर ते कलम खुनाच्या शेजारचं. परवा जीप घेऊन जोयड्याला ठाण्यात या. मालकांनी तुमची हमी दिलीय.

माझं बसचं तिकीट एक डिसेंबरचं आहे. वहीत चिकटवलं. एकतीस वर्षांत माझ्या लॉरीखाली कोंबडीसुद्धा आली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मालकाला तोंडावर विचारलं. नाकारलं नाही. चहा पीत सांगितलं. तिला उचलून मागं घातली होती. फाट्यावर आला. डावीकडं दांडेली, दवाखाना. तिथं जीप थांबवली, विचार करत. पाच मिनिटं, मग आणखी पाच. ती सारखी विचारत होती, अण्णा, दवाखाना आला काय. नंतर विचारायची थांबली.

तुमचं वय बघून कोर्ट सोडेल, म्हणाला. मुलीला मी बघतो, म्हणाला. माझ्या सुनयनाचं नाव त्याच्या तोंडात. कप हिसकून फोडावा वाटलं. फोडला नाही. ठाण्यात जाऊन खरं सांगणार, तिकीट दाखवणार. जीप मीच चालवणार.

आज तीन डहाळ्या. उचलल्या नाहीत.

१० डिसेंबर, सकाळ

निघालो. हमी दिलेली म्हणून मालकही आला, मागं बसला, डावीकडं. मी म्हटलं, तिथं बसू नका. हसला. डहाळ्यांवरच बसला.

फाट्यावर —

तो छाती धरून वाकला. घामानं ओला. डावीकडं दांडेली. उजवीकडं ठाणं. मी जीप थांबवली. वही काढली.

बसू दे. कळू दे त्याला.

अण्णा, दवाखाना आला काय, म्हणतोय. तेच शब्द. आवाज त्याचाच.

पाच मिनिटं झाली. वळायला पाहिजे. एवढं लिहितो आणि —

आणखी पाच. रस्त्यावर कुणी नाही. लायसन माझं. सही माझी. स्टेअरिंगवर मी. वळतो. आता वळतो —

तो गप्प झाला. आरशात त्याची मान —

तरी मागून आवाज येतोय. बाईचा. ती मलाच विचारतेय, अण्णा, तुम्ही कशाला थांब